दारलाव्या नाना

भानुनाना तुमच्या घरी आले, की आधी दार लावून घेतात आणि मग विचारतात, “कोण हाय का घरात?”

तुम्हाला हसू आलं असेल. या, एक हिवाळा आमच्या गल्लीत काढा, मग हसा. केजहून जीपनं आत आलात की आमचं गाव लागतं. दिवाळी सरून थंडी पडली की आमच्या गल्लीवर भानुनानांचं राज्य सुरू होतं. कानाला मफलर, मफलरवर टोपी, टोपीवरून घोंगडं, आणि त्या सगळ्यातून बाहेर आलेलं तेवढं एक नाक. असे ते सकाळी निघतात. उघडं दार दिसलं की ओढून घेतात. उघडी खिडकी दिसली की बाहेरून काठीनं ढकलतात. आतून कुणी ओरडलं तर उभं राहून, शांतपणे, मास्तरासारखं सांगतात, “वारं घर बघून ठिवतंय, बाबा. एकदा बघितलं की सोडत न्हाई.”

वारं घर बघून ठेवतंय! जणू वारं म्हणजे दरोडेखोर, आणि आमची घरं म्हणजे सोन्याची दुकानं.

गाव त्यांना तोंडावर नाना म्हणतं आणि पाठीमागं दारलाव्या. हे नाव पोरांनी नाही ठेवलं, पुजाऱ्यानं ठेवलं. एकदा मारुतीच्या देवळात पुजारी आत दिवा लावत होता. नाना तिथून गेले, दार उघडं दिसलं, ओढलं, वर बाहेरून कडी घातली आणि चालते झाले. आरतीला माणसं जमली तर आतून घंटा वाजतेय आणि पुजारी देवाचं सोडून नानांचं नाव घेतोय. नानांना जाब विचारला तर म्हणाले, “देवाला सर्दी व्हती का न्हाई ते मला ठावं न्हाई. पर पुजारी खोकत व्हता. म्या ऐकलं.”

एसटीत तर त्यांच्याबरोबर बसायची सोय नाही. केजच्या स्टँडवर गाडी लागली की नाना आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या काचा सरकवतात आणि मग स्वतःची जागा शोधतात. मागच्या हिवाळ्यात मी त्याच गाडीत होते. एका बाईचा जीव घाबरा झाला. कंडक्टर कावला, “ओ नाना, ती बाई ओकायलीय, उघडा की काच!” नाना जागेवरून न हलता म्हणाले, “ओकू दे की. पिशवी दे तिला. काच कावून उघडायची, कशापायी?” सगळी गाडी हसली. मी नाही हसले. मी उठले आणि माझ्या बाजूच्या तिन्ही काचा धाडधाड उघडल्या. नाना मागून आले आणि तितक्याच शांतपणे लावून गेले. असं आमच्या गावचा फाटा येईपर्यंत चाललं होतं.

त्यांच्या शेळ्यांना पोत्याचे अंगरखे असतात, गळ्याशी सुतळीनं बांधलेले. आणि थंडीत त्या शेळ्या घरात. माणूस राहतो त्याच खोलीत. का, तर गोठ्याला फट आहे.

आता मी कोण, ते सांगते. मी अश्विनी, नानांची शेजारीण. आमचा चार पोरींचा एक गट आहे आणि आम्ही घरातल्या हवेवर बोलतो. रस्त्यावरच्या धुरावर सगळे बोलतात, पण माणूस हिवाळ्यात ज्या खोलीत अर्धा दिवस आणि सगळी रात्र कोंडून घेतो, त्या खोलीतल्या हवेबद्दल कुणी ब्र काढत नाही. आम्ही पत्रकं छापतो, घरोघर देतो. यंदाच्या पत्रकाचा मथळा मीच लिहिला होता: ‘हिवाळ्यात घर बंद करून काय मिळवता? खोकला!’ खाली ठळक अक्षरांत: दुपारी ऊन असताना समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. बंद खोलीत शेगडी पेटवू नका, झोपेत जीव जातो. डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती बंद खोलीत जाळू नका. गोधड्या उन्हात टाका. जनावरं वेगळी बांधा. चुलीवर धुराडं बसवा.

लोक पत्रक घेतात, “छान काम हाय तुमचं” म्हणतात आणि त्याच्यावर भजी ठेवतात. त्याचंही मला काही नाही, निदान भजी खाताना वाचतील. माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीनं. घरात गॅस असतो. सिलिंडरला फुलाफुलांचं कापड शिवून घातलेलं असतं, वर टीव्हीचा रिमोट ठेवलेला असतो, आणि बाई शेजारी चुलीपुढं डोळे चोळत भाकरी थापत असते. विचारलं तर म्हणते, “गॅसवरली भाकर ह्यांना आवडत न्हाई.” आणि हे कुठं असतात? हे बाहेर ओट्यावर, मोकळ्या हवेत! तिच्या छातीत किती धूर गेला याची चौकशी कुणी करत नाही, भाकरी फुगली का एवढी मात्र सगळे करतात.

आणि आमच्या पत्रकांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, तर भानुनाना. स्वतः मागून न्यायचे. “ए कागदवाले, हायेत का अजून? दे धा-ईस.” पहिल्यांदा मला भरून आलं. वाटलं, माणूस बदलला. मग एक दिवस त्यांच्या घराकडं नीट पाहिलं. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, खिडकीच्या चौकटीत, दाराच्या बिजागरीजवळ, सगळीकडं माझी पत्रकं घड्या घालून कोंबलेली. एका फटीतून ‘खिडक्या उघडा’ एवढीच अक्षरं बाहेर डोकावत होती.

मी तिथंच बोंब मारली. नाना बाहेर आले, माझ्याकडं बघितलं, फटीकडं बघितलं आणि मनापासून म्हणाले, “ह्या वर्षीचा कागद चांगला हाय बघ. जाड हाय. मागल्या सालचा लई पातळ व्हता, वारं गळायचं.”

अशा माणसाशी काय भांडणार? तरी मी भांडत होते. कारण तोपर्यंत ते फक्त स्वतःची छाती खराब करत होते, आणि स्वतःच्या बाबतीत माणसाला थोडं मूर्ख असायचा हक्क असतो, असं मी मानते. पण यंदा पौषात त्यांची लेक वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि तो हक्क संपला.

वैशाली माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठी. धर्मापुरीला दिलेली. ती जन्मली आणि तिची आई, केशरकाकू, गेली. नानांनी दुसरं लग्न केलं नाही. तिची वेणी घालण्यापासून सगळं स्वतः केलं. शाळेत तिची वेणी सगळ्यात घट्ट असायची, डोळे ओढले जायचे इतकी. सासरच्यांनी म्हटलं होतं, घरात बाईमाणूस नाही, बाळंतपण आम्ही करतो. नाना धर्मापुरीला जाऊन सांगून आले, “लेकीचं बाळतपण माहेरीच व्हतंय. आन् माहेर म्हंजी मी.”

मुलगी झाली. केजच्या दवाखान्यातून मायलेकी घरी आल्या आणि मी बाळ बघायला गेले.

दाराला आतून गोधडी लटकवलेली. ती बाजूला केली आणि मला आधी काही दिसलंच नाही. मग हळूहळू दिसलं. बाज, बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, कोपऱ्यात कॉइल, देवापुढं धूप, पलीकडं अंगरखे घातलेल्या शेळ्या. खिडकी माझ्याच पत्रकांनी आणि पोत्यानं बंद. आणि मधोमध नाना, उकिडवे बसून, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं टाकतायत. बाळंतिणीला शेक आणि बाळाला धुरी, हे आमच्याकडं घरोघर चालतं. पण ते बायका करतात. हा गडी एकटाच करत होता. कुणाकडून तरी सगळं विचारून आला होता आणि विचारलं त्याच्या दुप्पट करत होता. वैशाली घामानं निथळत होती. बाळ तिच्याजवळ, टोपड्यात, दुपट्यात, त्यावर शालीत. फक्त नाक दिसत होतं. घराणंच ते.

“नाना, मारता काय पोरीला?” मी म्हणाले. नमस्कार-चमत्कार राहूनच गेला.

“आधी ती गोधडी नीट सोड,” नाना म्हणाले. “वारं आणलंस आत.”

“वारंच पाहिजे इथं! जीव गुदमरायलाय माझा. ह्या लेकराचं काय होत असेल?”

“लेकराला ऊब लागती.”

“ऊब लागती, धूर नाही लागत! ऊब आईजवळ मिळती. ही शेगडी बाहेर काढा. त्या शेळ्या बाहेर काढा. ती कॉइल…”

“डास चावू दे मंग?”

“मच्छरदाणी लावा की!”

“तिच्यातनं वारं जातंय.”

वैशालीनं माझा हात दाबला. बारीक आवाजात म्हणाली, “अश्विनी, राहू दे. त्यांना बोलू नको. झोपत न्हाईत ते. सारखं उठून फटी बघतेत.”

“आणि तू? तू का गप्प?”

“त्यांनी कधी माझं काही कमी केलंय का?”

हे अजून एक. माया केली की तिच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही. आमच्याकडं लेकरं अशी मायेनंच गुदमरतात. पत्रकात हे छापता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

बाळाच्या छातीतून बारीक आवाज येत होता, घरघर असा. मी ते सांगितलं. नाना म्हणाले, कफ हाय, धुरीनं सुटंल. आणि अजून एक चिमूट ओवा टाकला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी वैशालीनं मला हाक मारली. तिची तशी हाक मी कधी ऐकली नव्हती. बाळ दूध ओढत नव्हतं. श्वास घेतला की बरगड्यांखाली खळगा पडत होता. मी नानांना विचारत बसले नाही, जीप बोलावली. नाना आमच्याबरोबर आले. वाटभर जीपच्या ताडपत्रीची उडणारी कड दोन्ही हातांनी धरून बसले होते.

दवाखान्यात बाळाला वाफ दिली, औषध दिलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी नानांना समोर बसवून सांगितलं. बाळाला धूर सोसत नाही. शेगडी नको, धुरी नको, खोलीत हवा खेळू द्या. असंच चालू राहिलं तर परत आणाल, आणि पुढच्या वेळी उशीर झालेला असेल. नाना मान डोलवत होते. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर गोधडी लटकलेली आणि बाजेखाली शेगडी.

त्यानंतर मी काय केलं त्याची मला जराही लाज वाटत नाही. शेगडी चिमट्यानं धरून अंगणात नेली आणि तिच्यावर घागर ओतली. गोधडी ओढून काढली. मग खिडकीशी गेले आणि पोतं, पत्रकं, चिंध्या उपसून काढायला लागले. तोंड चालूच होतं. “डॉक्टर येडी आहे का? मी येडी आहे का? नात मेल्यावर फटी बुजवत बसा! कडेकोट घर करा आणि आत एकटे बसा!”

नानांनी माझं मनगट धरलं. भानुनानांनी आयुष्यात कुणाला हात लावला असेल असं वाटत नाही. 

“लावू दे मला खिडकी,” ते म्हणाले. “पाया पडतो तुझ्या. त्या दिवशी बी दार उघडंच व्हतं.”

“कुठल्या दिवशी?”

“केशर गेली त्या दिवशी.” त्यांनी वैशालीकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. “ही झाली, आन् तिला बरं वाटंना. मी जीप बघाया पळालो फाट्याला. घाईत दार तसंच टाकून गेलतो. माघारी आलो तर दार भिताडावर आपटायलं आन् ती गार. बाया म्हणल्या, दार उघडं ऱ्हायलं, वारं लागलं. म्याच टाकलं व्हतं उघडं. म्याच.”

वैशालीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. हे तिलाही माहीत नव्हतं. मी हातातलं पोतं खाली ठेवलं आणि न भांडता निघाले. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

मी घरी आले. आई तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्या विचारलं, “आई, केशरकाकू कशानं गेली?”

तिचा हात थांबला. “वारं लागलं व्हतं.”

“आई!”

“आता काय करायचंय तुला ते?”

“तू होतीस का तिथं?”

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, “व्हते. नवी नवरी व्हते मी. रगत थांबंना तिचं. लुगड्यावर लुगडं भिजलं. आमाला काय कळतंय? दाबून धरलं, देवाला हात जोडले. नाना यायच्या आत सरली ती.”

“मग वारं कुठून आलं?”

“नाना आले, संग चार गडी. काय झालं, काय झालं म्हणायलेत. असलं बायांचं गड्यांपुढं कसं सांगावं? कुणीतरी म्हणलं, दार उघडं व्हतं, वारं लागलं. मंग समद्याच तेच म्हणल्या. मी बी.”

“आणि नंतर? इतक्या वर्षांत? तो माणूस गावभर दारं लावत फिरतोय! तुम्ही सगळ्या त्याला हसता!”

“त्यानं कधी इचारलंच न्हाई,” आई म्हणाली.

विचारलं नाही! कसा विचारेल? तुम्ही त्याला उत्तर देऊन मोकळ्या झाला होतात. रक्त हा शब्द पुरुषांपुढं उच्चारायची लाज, आणि त्या लाजेपायी एका माणसाच्या गळ्यात बायकोचं मरण बांधून दिलं, आणि मग त्यानं दारं लावली की पदर तोंडाला लावून हसायचं. मी आईला हे सगळं असंच सांगितलं, याहून वाईट शब्दांत सांगितलं.  ती सूप बाजूला ठेवून उठली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, “चल.”

नाना अंगणात विझलेल्या शेगडीजवळ बसले होते. खिडकी परत बुजवलेली नव्हती. पोतं हातात होतं, तसंच. वैशाली उंबऱ्याच्या आत बाळाला घेऊन उभी होती. आई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. माझ्या आईला मी पुरुषमाणसासमोर अशी नजर उचलून बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

“नाना,” ती म्हणाली, “केशर वाऱ्यानं गेली न्हाई. रगत जाऊन गेली. लई रगत गेलं. दाराचं त्यात काय बी नव्हतं.”

नानांनी हातातल्या पोत्याची घडी घातली, परत उलगडली.

“आन् तुमी दार उघडं टाकून गेलतेच न्हाई. तुमी लावूनच गेलते. म्या उघडलं. माझ्या हातानं.”

“तू?” नाना म्हणाले. “कावून?”

“तीच मला म्हणली. सरू, दार उघड गं. ते जीप घेऊन यायलेत का बघते. म्या म्हणलं, गार वारं हाय. तर म्हणली, असू दे, मला रस्ता बघू दे.”

पोतं हातातून खाली आलं. शेळ्या ओरडत होत्या, त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात अजून राग होता, आईचा, त्या सगळ्या बायांचा, त्या चार गड्यांचा. त्यातल्या एकानंही कधी नीट विचारलं नव्हतं. मला वाटलं, नाना आता ओरडतील. ओरडायलाच हवं होतं. मी असते तर गाव डोक्यावर घेतलं असतं.

नानांनी एवढंच विचारलं, “दिसत व्हता का तिला? रस्ता?”

“दिसत व्हता,” आई म्हणाली. “पार फाट्यापतोर.”

नानांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. मग उठले, आत गेले, आणि शेळ्यांना एकेक करून बाहेर आणून गोठ्यात बांधू लागले. अंगरखे काढले नाहीत. तेवढं मी सोडून दिलं.

बाळ आता बरं आहे. घरघर गेली, दूध नीट पितंय. मच्छरदाणी आली आहे. फटींतली पत्रकं नानांनी उपसली, सरळ केली आणि मला परत आणून दिली, “अजून चालतेल, वाटून टाक.” गल्लीतली दारं मात्र अजून लावतात. पुजारी अजून शिव्या देतो.

परवा दुपारी वैशालीला भेटून निघाले. ऊन होतं. नानांनी बाज फिरवून दारासमोर आणली होती. वैशाली बाळाला पायावर घेऊन बसली होती आणि नाना उंबऱ्याशी. बाहेर पडताना, आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला नानांनी लावलेल्या सवयीनं, माझा हात आपोआप दाराच्या कडीकडं गेला.

“ऱ्हाऊ दे उघडं,” नाना म्हणाले. “रस्ता दिसतोय.”